अकरातले चार

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये सोलापुरात बाळीवेशीजवळच्या अक्कम्माच्या घरी एकाच आठवड्यात दोन लखोटे आले, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली.

पहिला लखोटा बँकेचा होता. तिची लेक रुद्राणी कारकुनाच्या परीक्षेत पास झाली होती. एक जुलैला सोलापुरातल्याच शाखेत हजर व्हायचं होतं, आणि पगार सगळा मिळून चारशेवीस रुपये. दुसरा लखोटा पुण्याचा. तिथल्या एका संस्थेत कॉम्प्युटर नावाच्या यंत्राचं शास्त्र शिकवत. त्या दोन वर्षांच्या पदवीला रुद्राणीला जागा मिळाली होती, आणि पंचवीस जूनपर्यंत पैसे भरायचे होते. पहिल्या लखोट्याचे पेढे गल्लीत वाटून झाले होते. दुसऱ्याचं अक्कम्मा कुणाला बोलली नाही.

अक्कम्माचा नवरा ईरप्पा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, होता. सहा वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या फंडाच्या पैशातून अक्कम्मानं दोन खोल्यांचं घर विकत घेतलं आणि शेंगाचटणी कुटायला बसली. रोज पाच किलो. शेंगदाणे, तिखट, लसूण, वरवंट्यासारखे झालेले दोन हात, आणि किलोमागं सव्वा रुपया. त्यावर घर चालायचं. रुद्राणी गणिताच्या शिकवण्या घेऊन स्वतःपुरतं भागवायची. बी.एस्सी.ला तिचा पहिला वर्ग आला तेव्हा अक्कम्माला वाटलं, आता आपल्या हातांना सुट्टी.

आणि आता ही पोरगी म्हणत होती, बँक नको.

तिनं एका कागदावर आईसाठी हिशेब मांडला होता. मधे उभी रेघ. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर.

"हे बघ अव्वा. बँकेत लागले तर दोन वर्षांत दहा हजार रुपये घरात येतील. पुण्याला गेले तर ते यायचे नाहीत, उलट सात हजारांचं कर्ज काढावं लागेल. बँक आता शिकायला कर्ज देते. शिक्षण झाल्यावर सहा महिन्यांनी हप्ता सुरू, महिन्याला एकशेऐंशी, पाच वर्षं. पण पास झाल्यावर पगार नऊशे. सहाव्या वर्षी दोन्ही बाजू बरोबरीला येतात. त्याच्यापुढं ही बाजू वरच जाते."

"आणि कर्जाला तारण?"

रुद्राणीनं कागदावरची नजर काढली नाही. "घर."

एकशेऐंशी म्हणजे किती, हे अक्कम्माला कागदाविना समजलं. महिनाभर कुटलेली सगळी चटणी. एक चिमूटसुद्धा पोटाला उरायची नाही. मागल्याच वर्षी, दुष्काळात, पलीकडच्या गल्लीतल्या एका घरावर जप्ती आली होती. त्या बाईचे हंडे, कळश्या, पाळण्याची दोरीसुद्धा रस्त्यावर मांडली होती, आणि बाई भिंतीकडं तोंड करून उभी होती. अक्कम्मा तिला ओळखत असूनही मान खाली घालून निघून गेली होती. आता दारावर कुणी जोरात थाप मारली की तिला तीच पाठमोरी बाई दिसायची.

"नऊशे देतात हे तुला कुणी सांगितलं?"

"संस्थेच्या माहितीपत्रकात आहे."

"चटणीच्या पुडीवर मी बी उत्तम म्हनूनच छापून घेतलंय की," अक्कम्मा म्हणाली.

तिची निम्मी चटणी शिवलिंगप्पांच्या किराणा दुकानात खपायची. दुसऱ्या दिवशी माल द्यायला गेल्यावर तिनं भीत भीत विषय काढला, तर शिवलिंगप्पांचा चेहरा खुलला.

"अवो, आमच्या बहिणीचा थोरला सिद्धनाथ तेच शिकलाय की. बार्शीचा पैला पोरगा. पुन्यात कंपनीत हाय, हजार रुपये घेतो. दर म्हैन्याला पत्र असतं त्याचं. डोळे झाकून पाठवा लेकीला."

डोळे झाकून काही करायची अक्कम्माची तयारी नव्हती. तिनं सिद्धनाथच्या कंपनीचा पत्ता मागितला. शिवलिंगप्पांनी तो दिलाच, वर भाच्यासाठी कडक भाकरीची चवड आणि लाडवांचा डबाही तिच्या हाती दिला.

रेल्वेचा संप नुकताच मिटला होता, गाड्यांचा भरवसा नव्हता. पहाटेच्या एस.टी.नं ती एकटीच निघाली. रुद्राणीला म्हणाली, अक्कलकोटला आत्याकडं जाऊन येते. आयुष्यात ती पुण्याला गेली नव्हती. वाटेत भिगवणला सगळे चहाला उतरले तरी ती डबा मांडीवर धरून जागेवरच बसून राहिली. उतरले आणि गाडी सुटली तर, एवढंच तिच्या डोक्यात.

स्वारगेटला उतरून, चार ठिकाणी विचारत, उन्हात ती लष्कर भागातल्या त्या कंपनीपाशी पोचली. दरवानानं पत्त्याची चिठ्ठी वाचली.

"सिद्धनाथ? ते गेले की सोडून. वर्ष झालं."

"गेले म्हंजे? त्यांची पत्रं येत्यात."

"इथनं नसतील येत. भवानी पेठेत लाकडाच्या वखारी आहेत ना, तिथं बघा. मागं एकदा तिथं दिसले होते."

परत फिरावं असं अक्कम्माला फार वाटलं. खरं कळलंच नाही तर निदान घाबरायचं कारण राहणार नाही, असा एक वेडा विचारही मनात येऊन गेला. पण हातातला डबा दुसऱ्याचा होता. तो द्यायलाच हवा होता.

तिसऱ्या वखारीत तो सापडला. तेवीस-चोविशीचा, बारीक अंगाचा, केसांत भुसा. फळकुटं मोजून वहीत आकडे मांडत होता. "शिवलिंगप्पांनी धाडलंय," असं म्हणून तिनं डबा पुढं केला, तर तो तिच्या पाठीमागं दाराकडं बघू लागला.

"मामा आलेत?"

"न्हाय बाबा. मी एकटीच हाय."

तो तिला कोपऱ्यावरच्या हॉटेलात घेऊन गेला. चहा मागवला आणि स्वतःच्या कपाला हात लावला नाही. मग हळूहळू सगळं सांगितलं. पदवी त्यानं चांगल्या गुणांनी घेतली होती. कंपनीनं नऊशेवर घेतलंही. पण कंपनीकडं यंत्रच नव्हतं. परदेशातून यायचं होतं. आठ महिने वाट बघितली. सरकारचा परवाना मिळाला नाही, त्यात कामगारांनी यंत्राविरुद्ध निदर्शनं केली, मालकांनी बेत सोडून दिला. यंत्र नाही तर यंत्र चालवणारा कशाला. आता वखारीत सव्वादोनशे मिळत होते, त्यातले दीडशे कर्जाच्या हप्त्याला जात होते.

"आणि पत्रात हजार?"

"मावशी, आमच्या वडलांनी गाव गोळा करून पेढे वाटलेत. सुरुवातीला वाटलं, दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागंल, मग कशाला कळवायचं. मग चार झाले, मग दहा. आता कोणत्या तोंडानं लिहू?"

अक्कम्माला त्याची दया आली, आणि तेवढीच भीतीही वाटली. समोर बसलेल्या या पोराच्या जागी तिला रुद्राणी दिसत होती, केसांत भुसा घेऊन.

"तुज्यासंगं शिकलेले किती होते?"

"अकरा."

"त्यातल्या किती जनांना ते नऊशे मिळतात?"

तो बोटांवर मोजू लागला. तसं त्यानं पूर्वी कधी मोजलं नसावं. "चौघं बऱ्या नोकरीत आहेत. मुंबईला. हजार, बाराशे घेतात. दोघं अमेरिकेत गेले. दोघं कॉलेजात शिकवतात, पाचशेवर. आणि आम्ही तिघं असे."

"अमेरिकेचं सोड. आमाला ते न्हाय जमायचं. म्हंजे अकरातले चार."

"अकरातले चार," तो म्हणाला. मग म्हणाला, "शिकलो त्याचं मला वाईट वाटत नाही, मावशी. ती दोन वर्षं मी रोज आनंदात उठायचो. पण ते सांगून उपयोग नाही. तुम्ही घर तारण ठेवणार, तुम्हाला आकडाच सांगायला हवा."

निघताना त्यानं तिचे पाय धरले. "मामांना सांगू नका."

अक्कम्मानं मान डोलावली, आणि डोलावल्यावर तिला कळलं की आपण शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी चटणी घेऊन ती दुकानात गेली तेव्हा शिवलिंगप्पा वाटच बघत होते.

"बरा हाय न्हवं आमचा साहेब?"

"बरा हाय," ती म्हणाली.

"मग झालं तर. मेव्हन्याला आजच कळवतो. धाकट्याला बी त्याच कोर्सला घालायचंय त्येला. थोरल्याच्या येळंला मळा तारण दिला, आता घर देनार हाय. पुढल्या सोमवारी सही. म्हनत व्हता, अक्कम्मा डोळ्यानं बघून आल्या की माजा जीव भांड्यात पडंल."

तराजूत पुड्या मोजल्या जात होत्या. अक्कम्माला त्यांचा आकडा ऐकू आला नाही. "बरा हाय" हे आपले दोन शब्द आता बार्शीला जाणार आणि त्यावर एका माणसाचं घर गहाण पडणार, एवढंच तिला कळत होतं. घरी आल्या आल्या तिनं रुद्राणीला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. अक्कलकोटची थाप, दरवान, वखार, दिलेला शब्द, आणि दुकानात बोललेलं खोटं.

मग रुद्राणीनं आपला तो रेघेचा कागद काढला, बघितला, आणि घडी करून ठेवला. एकमेकींना भीती दिसत होती, म्हणून दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

"पैल्यांदा त्या पोराचं बघू," शेवटी अक्कम्मा म्हणाली. "पत्र लिही. म्हनावं, तुझा बाप सोमवारी घर गहाण टाकतोय. त्याच्या आत तू येऊन सांग. तू न्हाय आलास तर मी सांगनार. मग माजा शब्द मोडला तरी चालंल."

रुद्राणीनं पत्र लिहून त्याच दिवशी जलद टपालानं टाकलं. पुढचे चार दिवस अक्कम्मानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. पोरगं लाजेनं जिवाचं काही बरंवाईट करून घेईल, ही नवी भीती तिला दुसऱ्याच दिवशी लागली. लसूण सोलताना ती मधेच थांबायची. पोस्टमन गल्लीत शिरला की आत जायची.

शनिवारी दुपारी सिद्धनाथ दारात उभा राहिला. बार्शीला जायच्या आधी तो सोलापूरला आला होता. "मामांसमोर एकट्याला जायचं धाडस होत नाही," म्हणाला. अक्कम्मानं त्याला आधी जेवायला घातलं आणि मग पदर खोचून त्याच्याबरोबर दुकानात गेली.

शिवलिंगप्पांनी भाच्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "किती म्हैने?"

"चौदा."

मग ते अक्कम्माकडं वळले. "तुमाला ठावं होतं. त्या दिशी हितं उभं राहून मला बरा हाय म्हनाला तुमी."

"व्हय," अक्कम्मा म्हणाली. "चुकलं माजं."

त्यांनी गल्ल्यातून चटणीची बाकी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. "एवढी घ्या. पुढचा माल आनू नका."

भाच्याला घेऊन ते त्याच संध्याकाळी बार्शीला गेले. घर गहाण पडायचं वाचलं. पण अक्कम्माची निम्मी विक्री बंद झाली. आणि पुण्याचे पैसे भरायला उरले होते सहा दिवस.

त्या रात्री भाकरी तव्यावर असतानाच रुद्राणी म्हणाली, "अव्वा, मी बँकेतच जाते."

अक्कम्माला हेच ऐकायचं होतं. पंधरा दिवस ती याचसाठी देवाला हात जोडत होती. तरी तिनं तवा खाली उतरवला आणि लेकीकडं तोंड करून बसली.

"भिऊन जातीस की इचार करून?"

"भिऊन," रुद्राणी म्हणाली.

"मग आधी इचार कर. मी बी भ्यालीच हाय. तुजा कागद आन."

"तो कागद खोटा होता. नऊशे मिळतीलच असं धरून मी मांडला होता. मला ते ठाऊक नव्हतं, तरी तुला ठाऊक असल्यासारखं सांगितलं."

"मग आता ठावं असल्यालं मांड. चार जनांत आलीस तर काय ते कळलं. सात जनांत आलीस तर?"

रुद्राणीनं कागदाची पाठ घेतली. शिकवायची नोकरी मिळाली तर पाचशे. तीही नाही मिळाली तर पुन्हा बँकेची परीक्षा द्यायची. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत ती देता येते, आणि आत्ता ती वीस वर्षांची होती. चारशेवीसातून एकशेऐंशी गेले की दोनशेचाळीस उरतात. "आपण दोघी आत्ता त्याच्यापेक्षा कमीत राहतोय," ती म्हणाली.

"सिद्धनाथनं का न्हाय दिली ती परीक्षा?"

"कशी देणार? घरी हजार रुपयेवाला साहेब होता तो. कारकुनाच्या परीक्षेला बसला असता तर सगळं उघडं पडलं असतं."

अक्कम्मा हे मनात घोळवत राहिली. मग तिनं शेवटचं विचारलं. "आनि तू त्या परीक्षेत बी न्हाय झालीस तर?"

रुद्राणीनं कागद खाली ठेवला. "तर घर जाईल, अव्वा."

चूल विझत आली होती. पंधरा दिवस ज्या अंधारात अक्कम्मा चाचपडत होती त्याचा तळ तरी आता पायाला लागला होता. तळ खोल होता, पण होता.

"एकच बोली," ती म्हणाली. "वाईट काय घडलं तर त्याच दिशी कळवायचं. गोड पत्र मला नको."

चोवीस जूनला दोघी बँकेत गेल्या. साहेबांनी गहाणखत इंग्रजीतून वाचलं, मग रुद्राणीनं ते ओळ ओळ मराठीत सांगितलं. अक्कम्मा दुधनीची, कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. "कानडीत सही चालंल न्हवं?" तिनं विचारलं. चालेल म्हणाले. नावातलं दुसरं अक्षर रेघेबाहेर गेलं. साहेबांनी दुसऱ्यांदा करायला सांगितली. दुसरी सही पहिलीपेक्षा वाईट आली, तेव्हा ते म्हणाले, राहू द्या. त्याच रात्रीच्या गाडीनं रुद्राणी पैसे भरायला पुण्याला गेली.

शिवलिंगप्पा चार महिने तिच्याकडं फिरकले नाहीत. त्या चार महिन्यांत ती चटणीची टोपली घेऊन मिलच्या फाटकावर बसली, सात रस्ता चौकात बसली. दिवाळीच्या तोंडावर एक दिवस ते स्वतः दारात आले. आत न येता म्हणाले, "गिऱ्हाइकं इचारत्यात तुमच्या मालाला. उद्यापासनं आना." धाकटा भाचा बार्शीतच बी.एड.ला घातला होता. सिद्धनाथ बापाच्या नजरेसमोर रात्रंदिवस अभ्यास करून पुढल्या वर्षी बँकेत लागला. कर्ज फेडायला त्याला बराच काळ लागला, पण पत्रं खरी जाऊ लागली.

रुद्राणी शहात्तरच्या उन्हाळ्यात दुसऱ्या क्रमांकानं पास झाली, आणि कोणीही तिला नोकरी दिली नाही. एका ठिकाणी म्हणाले, मुली लग्न करून जातात. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, पुढच्या वर्षी या. ती पुण्यातच शिकवण्या घेत नोकरी शोधत राहिली, पण बोली तिनं पाळली. दर आठवड्याला कार्ड यायचं, आणि त्यात बहुतेक "अजून नाही" एवढंच असायचं. अक्कम्मा कार्ड शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायची आणि दाणे भाजायला बसायची. रुद्राणीनं बँकेच्या परीक्षेचा अर्जही भरला.

सहा महिने संपले. पहिला हप्ता अक्कम्मानं स्वतः भरला. रुमालात बांधलेल्या एक-एक, दोन-दोनच्या नोटा तिनं खिडकीतून आत सरकवल्या. आत रुद्राणीच्याच वयाची एक मुलगी बसली होती, गजरा माळलेली. तिनं नोटा भराभर मोजल्या, शिक्का मारला, आणि पावती देताना उगाचच हसली. रस्त्यावर आल्यावर अक्कम्मा बँकेच्या पायरीवरच बसली आणि कितीतरी वेळ तिला उठता येईना.

दुसरा हप्ताही तिनंच भरला. तिसऱ्यासाठी तिनं कानातली कुडी सोनाराकडं नेऊन वजन करून आणली, पण मोडली नाही. त्याच आठवड्यात रुद्राणी न कळवता घरी आली. तिला दारात बघून अक्कम्माच्या हातातली परात पडली.

"काय झालं?"

"मुंबईला लागले, अव्वा. सातशेपंचवीस."

"नऊशे न्हाय?"

"नाही. सातशेपंचवीस."

अक्कम्मानं लेकीला आत घेतलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं, "त्यांच्याकडं ते यंत्र हाय, की यायचंय?"

"आहे. मी हात लावून बघितलं."

रुद्राणी तीनच दिवस राहिली. पगारातून दर महिन्याला तिनं हप्त्यापेक्षा जास्त पाठवलं, म्हणून पाच वर्षांचं कर्ज अडीच वर्षांत, एकोणऐंशीच्या जुलैमध्ये फिटलं. ज्या दिवशी बँकेतून तसं पत्र आलं त्या दिवशी अक्कम्मानं नेहमीसारखे पाच किलो दाणे भाजले. संध्याकाळी अंगावर पांघरूण घेऊन ती लवकर आडवी झाली. दारावर कुणीतरी जोरात थाप मारली, शेजारचं पोर विरजण मागायला आलं होतं. ती दचकून उठून बसली, आणि मग थोडा वेळ अंधारात, कर्ज फिटलंय, घर आता आपलंच, असं आपलं आपल्यालाच समजावत राहिली.